आधी यंत्राचा नेहमीचा आवाज ओळख

परवा रात्री अकराला तुझा मेसेज आला, "ताई, सायबर सिक्युरिटीत एम.टेक. करू का? सगळे म्हणतात स्कोप आहे." मी शिफ्टवर होते, म्हणून उत्तर राहिलं. खरं सांगायचं तर शिफ्टवर नसते तरी लगेच दिलं नसतं. 'कर' किंवा 'नको करू' एवढ्या एका शब्दावर तुझी दोन वर्षं सोपवणं मला जमलं नसतं. आज सुट्टी आहे, चहा घेऊन बसलेय. तूही बस निवांत.

तो 'स्कोप' आधी बाजूला ठेव. काम आहे, भरपूर आहे, पुढेही राहणार आहे. पण स्कोप बघून आलेली आमच्या वर्गातली निम्मी मुलं दुसऱ्या सेमिस्टरला कंटाळलेली मी पाहिली. त्यांना सिनेमातली काळी स्क्रीन आणि हिरवी अक्षरं हवी होती. आणि समोर आलं काय, तर ऑपरेटिंग सिस्टीमचं जाडजूड पुस्तक.

गावाकडच्या विहिरीवरची मोटर आठवते का तुला? माझे बाबा, तुझे मोठे काका, रात्री अंथरुणात पडल्या पडल्या नुसत्या आवाजावरून सांगायचे, "मोटर कोरडी चाललीय गं, फूटव्हॉल्व्ह सुटला असणार." आणि पहाटे जाऊन बघावं तर तसंच असायचं. बिघाडाचा आवाज त्यांना कोणी शिकवला नव्हता. त्यांनी वीस वर्षं नीट चालणाऱ्या मोटरीचा आवाज ऐकला होता, म्हणून वेगळं काही झालं की कान टवकारायचे. मी आज जे काम करते ते हेच आहे. आणि पदव्युत्तर शिक्षणाची दोन वर्षं, माझ्या मते, याच एका गोष्टीसाठी असतात. संगणक, नेटवर्क आणि त्यावर बसलेला व्यवहार नेहमी कसा वागतो ते कानात मुरवायचं.

तुला २०२४ च्या मार्च महिन्यातली गोष्ट सांगते. आंद्रेस फ्रॉइंड नावाचा एक इंजिनिअर, काम डेटाबेसवर, सुरक्षातज्ज्ञ वगैरे अजिबात नाही. त्याच्या लक्षात आलं की एसएसएचने, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर शिरायच्या वाटेने, लॉगिन करायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! तू-मी म्हणालो असतो, नेट स्लो असेल. त्याने मात्र पिच्छा सोडला नाही. खणत खणत तो 'एक्सझेड' नावाच्या, फाइली दाबून लहान करणाऱ्या एका साध्या सॉफ्टवेअरपाशी पोचला आणि त्यात कुणीतरी चोरदार बसवलेलं त्याला सापडलं. ज्याने ते बसवलं त्याने दोनेक वर्षं चांगलं काम करून, गोड बोलून, ते सॉफ्टवेअर एकट्याने सांभाळणाऱ्या माणसाचा विश्वास मिळवला होता. ते चोरदार लिनक्सच्या मुख्य आवृत्त्यांमध्ये गेलं असतं तर जगभरच्या असंख्य सर्व्हरांच्या किल्ल्या एका माणसाच्या हातात गेल्या असत्या. ते पकडलं गेलं कुणा महागड्या टूलमुळे नव्हे. नेहमीचा वेग किती असतो हे एका माणसाला पक्कं ठाऊक होतं, म्हणून.

म्हणून तू विचारतेस की कुठला कोर्स, तर मी आधी विचारते, तुझं नेटवर्क्स कसं आहे? ऑपरेटिंग सिस्टीम? एम.टेक.च्या प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेत सायबर सिक्युरिटीचा वेगळा पेपर नाही हे तुझ्या लक्षात आलंय का? कॉम्प्युटर सायन्सचाच पेपर द्यायचा, डिस्क्रीट मॅथ्सपासून कंपायलरपर्यंत. तुझ्या मैत्रिणी त्याला वैतागतात, मीही वैतागले होते. आज वाटतं, त्या अभ्यासाच्या सहा-आठ महिन्यांनी मला जे दिलं ते नंतरच्या कित्येक सर्टिफिकेटांनी दिलं नाही. तो अभ्यास मनापासून कर. नंबर नाही लागला तरी वाया जात नाही, आणि स्कोअर तीन वर्षं चालतो.

आता अभ्यासात नेमकं काय असतं ते मी तुला एका प्रकरणावरून सांगते, कारण सिलॅबसची यादी वाचून काही कळत नाही. प्रकरण आपल्या पुण्यातलंच आहे.

११ ऑगस्ट २०१८, शनिवार. कॉसमॉस बँकेच्या ग्राहकांच्या कार्डांच्या नकला घेऊन माणसं जगभरच्या एटीएमसमोर उभी राहिली. २८ देशांत मिळून सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले, भारतातल्या एटीएममधून आणखी अडीच कोटींच्या आसपास. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्ट या बँकांमधल्या संदेशयंत्रणेच्या मार्गाने आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण ९४ कोटींच्या वर. तेव्हा सगळीकडे बातम्या होत्या, तू शाळेत होतीस.

आता हे झालं कसं ते बघ. आपण एटीएममध्ये कार्ड घातलं की विनंती बँकेच्या स्विचकडे जाते. स्विच कोअर बँकिंगला, म्हणजे खात्यांच्या मुख्य वहीला, विचारतो, या खात्यात पैसे आहेत का? तिकडून हो आलं की नोटा बाहेर. चोरांनी त्या स्विचच्या वाटेत स्वतःचा एक खोटा स्विच उभा केला. तो कोअर बँकिंगला विचारायचाच नाही. येईल त्या विनंतीला आपणच 'हो' म्हणून टाकायचा.

हे एक प्रकरण घेऊन बस, तुझा अख्खा एम.टेक. त्यात आहे. विनंती कुठल्या स्वरूपात जाते? आयएसओ ८५८३ नावाचं मानक आहे, त्यातला प्रत्येक रकाना काय सांगतो ते शिकावं लागतं. हे झालं नेटवर्क. घातक प्रोग्रॅम त्या सर्व्हरवर टिकून कसा राहिला? ही ऑपरेटिंग सिस्टीम. कार्डाची नक्कल कशी बनते, चिप आणि चुंबकीय पट्टीत काय फरक? ही क्रिप्टोग्राफी. लॉगमधून पुरावा कसा उचलायचा की तो न्यायालयात उभा राहील? हे फॉरेन्सिक्स आणि कायदा. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला लागणारं प्रमाणपत्र पूर्वी पुरावा कायद्याच्या ६५-ब कलमाखाली असायचं, जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ खाली येतं. हे कलम तोंडपाठ नसलेला तंत्रज्ञ कितीही हुशार असला तरी त्याचं काम वकील पाच मिनिटांत पाडतो.

आणि मला सगळ्यात जवळचा वाटणारा भाग तर बी.कॉम.वालाही सांगेल. स्विचने 'हो' म्हटलेला प्रत्येक व्यवहार कोअर बँकिंगच्या वहीत दिसला पाहिजे. त्या काही तासांत दोन वह्यांचा ताळा जुळतच नव्हता. ताळा न जुळणं म्हणजे मोटर कोरडी चालण्याचा आवाज. तो आवाज ऐकायला त्या वेळी, त्या तासात कोणीतरी बसलेलं असायला हवं. मला या क्षेत्रात राहावंसं वाटलं ते याच विचाराने. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने या खटल्यात अकरा जणांना दोषी ठरवलं. खटला वाच कधीतरी. पकडले जातात ते बहुतेक वेळा नोटा काढायला उभे राहिलेले, किरकोळ पैशांसाठी अडकलेले पोरगेलेसे लोक. खोटा स्विच लिहिणारे हात दूर कुठेतरी असतात.

एक गोष्ट आता जरा हळू आवाजात सांगते, घरी फारशी कोणाला माहीत नाही. पहिल्या सेमिस्टरला असताना एका निकालाच्या पोर्टलवर मला दिसलं की पत्त्याच्या शेवटी असलेला आकडा बदलला की दुसऱ्याची गुणपत्रिका उघडते. मला आनंद झाला, काहीतरी सापडलं म्हणून. मी एक नाही, पाच-सहा उघडल्या, आणि मैत्रिणींना दाखवल्या. दोन दिवसांत बोलावणं आलं. माझा हेतू वाईट नव्हता, पण ते कशावरून? माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ४३ वं कलम मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात शिरण्याबद्दल आहे, आणि तेच लबाडीने केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लबाडी नव्हती हे मी कशाने दाखवणार होते? लॉगमध्ये तर फक्त माझा आयपी आणि सहा दुसऱ्यांच्या गुणपत्रिका. माझ्या गाइड मॅडम मध्ये पडल्या म्हणून ते प्रकरण तिथे मिटलं. बाबांना कळलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मी आजही करत नाही.

तेव्हा लक्षात ठेव, हात लावायचा तर लेखी परवानगी हवी. तोंडी चालत नाही, सर 'बघ हवं तर' म्हणाले तेही चालत नाही. कुठल्या सर्व्हरवर, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, काय काय करायचं, हे कागदावर पाहिजे. चुकून काही दिसलंच तर पहिल्या पुराव्यावर थांबायचं, दुसऱ्याची माहिती उघडायची नाही, कुणाला दाखवायची नाही, आणि त्या संस्थेला किंवा सर्ट-इनला, म्हणजे सायबर घटना हाताळणाऱ्या सरकारी यंत्रणेला, कळवायचं. सराव करायची खाज असतेच, ती मला समजते. त्यासाठी मुद्दाम फुटकी बनवलेली यंत्रं मिळतात, डीव्हीडब्ल्यूए, मेटास्प्लॉइटेबल, ती स्वतःच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीनमध्ये चालव आणि हवं तेवढं फोड. कार्नेगी मेलनच्या पिकोसीटीएफमध्ये फुकट कोडी आहेत. केरळच्या अमृता विद्यापीठातली मुलं तर सीटीएफ, म्हणजे अशा कोड्यांच्या स्पर्धा, खेळून खेळून जगभर नाव काढून बसलीत.

कुठे शिकायचं, ते आता थोडक्यात. गेट चांगला गेला तर पुण्यातच गिरिनगरला, खडकवासल्याजवळ, संरक्षण खात्याची डीआयएटी आहे, तिथे सायबर सिक्युरिटीत एम.टेक. होतं. पुराव्याच्या बाजूचं काम आवडत असेल तर राष्ट्रीय न्यायवैद्यक विद्यापीठ बघ. मूळ गांधीनगरचं, पण गोव्यातही त्याचा परिसर आहे, आणि तिथे बी.एस्सी. केलेल्या मुलींनाही एम.एस्सी.ची वाट मोकळी आहे. दोन वर्षं थांबणं घरच्या परिस्थितीला झेपणार नसेल तर सीडॅकचा डिटिस डिप्लोमा आहे, सी-कॅट देऊन प्रवेश, साधारण सहा महिन्यांचा, घाम काढणारा. तो करून नोकरीला लागलेल्या मुली मी रोज बघते, कुणापेक्षा कमी नाहीत. गेटवरून सरकारमान्य एम.टेक.ला गेलीस तर महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. पुण्यात त्यात ऐश होणार नाही, पण मेसचे पैसे बाबांकडे मागावे लागत नाहीत, आणि ती गोष्ट मला फार मोठी वाटली होती.

परदेश तुझ्या मनात आहे हे काकूंनी सांगितलं. इंग्लंडात रॉयल हॉलोवेला १९९२ पासून या विषयाची एम.एस्सी. आहे, जगातली पहिली म्हणतात ती. तिकडे एम.एस्सी. वर्षभरात संपते, अमेरिकेत दीड-दोन वर्षं. फक्त एक हिशेब कर्ज काढायच्या आधी कर. अमेरिकेत सुरक्षेच्या बऱ्याच सरकारी आणि संरक्षणाशी निगडित नोकऱ्यांना नागरिकत्व लागतं, त्या तुझ्यासाठी नाहीत. एजंट हे सांगत नाही. खाजगी कंपन्यांमध्ये जागा असतात, पण मग जाहिरातीतला तो मोठा आकडा बराच लहान करून बघायचा.

कॉलेज निवडताना इमारत बघू नकोस. तिथल्या दोन शेवटच्या वर्षाच्या मुलींना गाठ आणि विचार: लॅबला रात्री आठनंतर बसू देतात का? गाइड मसुदा वाचतात का, की नुसती सही करतात? मागच्या बॅचच्या डिझर्टेशनचे विषय काय होते? या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकून सगळं कळतं. दहापैकी आठ विषय 'मशीन लर्निंग वापरून इंट्रूजन डिटेक्शन' असे निघाले तर जरा थांब. बहुतेकांनी केडीडी कप ९९ नावाचा डेटा घेतलेला असणार, किंवा त्याचीच धुऊन-पुसून केलेली आवृत्ती. तो डेटा १९९८ मध्ये अमेरिकेत प्रयोगासाठी तयार केलेल्या नेटवर्कवरचा आहे, म्हणजे तुझ्या जन्माच्या आधीचा. त्यावर ९९ टक्के अचूकता आणून लोक मास्टर्स होतात, आणि खऱ्या नेटवर्कपुढे बसवलं की त्यांचं मॉडेल दर मिनिटाला खोटा अलार्म वाजवतं. मी हे रागाने सांगते, कारण या चांगल्या, कष्टाळू पोरांना कुणीतरी दुसरा विषय सुचवायला हवा होता.

विषय आपल्या आजूबाजूला पडलेत गं. तालुक्याच्या सहकारी बँकेत एकच संगणकवाला असतो, तोच प्रिंटर दुरुस्त करतो आणि तोच सर्व्हर सांभाळतो. त्याला परवडेल अशी लॉग तपासायची पद्धत कोणी बनवलीय? मराठीतून येणारे फसवे मेसेज, 'तुमचे वीज बिल भरले नाही, आज रात्री कनेक्शन कट', ते ओळखणारं काही चांगलं आहे का? १९९९ मध्ये व्हिटन आणि टायगर या दोघांनी एक शोधनिबंध लिहिला होता. ईमेल कुलूपबंद करणारं एक चांगलं सॉफ्टवेअर त्यांनी साध्या, शिकलेल्या माणसांना दिलं आणि दीड तासात बहुतेकांना ते नीट वापरता आलं नाही. त्यांचा निष्कर्ष माणसांना नावं ठेवणारा नव्हता, त्या सॉफ्टवेअरच्या रचनेला ठेवणारा होता. माझ्या आईला ओटीपी मागणाऱ्या फोनच्या वेळी स्क्रीनवर कुठला इशारा, कुठल्या मराठीत दिसला तर ती थांबेल? यावर कोणी दोन वर्षं घातली तर मी तिला रोज रात्री फोन करून विचारेन, कुठवर आलं म्हणून.

गणिताला घाबरतेस हे मला माहीत आहे. त्याची सुटका नाही, पण भीतीइतकं ते मोठंही नाही. बाकी काढण्याचं अंकगणित, मूळ संख्या, थोडी संभाव्यता, एवढ्यावर पहिलं वर्ष निघतं. आणि सध्याचा काळ या बाजूने फार छान आहे. १९७० च्या दशकात याच गणितावर बसवलेली कुलपं पुढच्या क्वांटम संगणकांपुढे टिकणार नाहीत म्हणून अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकसंस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या कुलपांची पहिली तीन मानकं जाहीर केली. आता जगातली सगळी जुनी कुलपं एकेक करून बदलायची आहेत. हे काम करणाऱ्यांची पिढी तुझीच.

आता नोकरीचं खरं. डिग्री हातात आली तरी पहिली खुर्ची बहुधा सॉकमधली, म्हणजे पहाऱ्याच्या कक्षातलीच, पहिल्या पायरीच्या एल-वन अ‍ॅनालिस्टची. चोवीस तासांच्या शिफ्टा. दिवसाला शेकडो अलर्ट, त्यातले बहुतेक फॉल्स पॉझिटिव्ह. रात्रपाळी येणारच, तेव्हा मुलाखतीत घरापर्यंत कॅब आहे का, हे स्पष्ट विचार. विचारायला लाजू नकोस, मी पहिल्या वेळी लाजले आणि चार महिने रात्री दोनला स्टँडवर उभी राहिले. घरचे 'मुलीला रात्री कसली ड्यूटी' म्हणतील. काकांना मी समजावेन, ते माझ्यावर सोड. पण तू स्वतः आधी ठरव, झोप मोडून दीड-दोन वर्षं काढायची तयारी आहे का? त्यानंतर बाजू बदलता येते, पेनटेस्टिंग, फॉरेन्सिक्स, क्लाउड, ऑडिट. फॉरेन्सिक्सला गेलीस तर एक ध्यानात असू दे, जप्त केलेल्या मोबाइलांमध्ये फार वाईट चित्रं बघावी लागतात, लहान मुलांचीसुद्धा. माझी एक मैत्रीण त्या कामातून बाहेर पडली, आणि तिने ठीक केलं. जमत नसेल तर नाही म्हणायचं.

आणि लिहायला शीक. एप्रिल २०२२ पासून सर्ट-इनचा आदेश आहे, ठरावीक प्रकारची घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची. पहाटे तीनला, डोळे लाल झालेले असताना, काय झालं, काय माहीत आहे आणि काय अजून माहीत नाही, हे एका पानात सरळ मांडता येणारी मुलगी टीममध्ये सोन्यासारखी जपली जाते. माझं पहिलं पान मॅनेजरने तीनदा परत पाठवलं होतं. मी जिथे 'हल्लेखोर बाहेर गेला' लिहिलं होतं तिथे त्यांनी लाल खूण करून विचारलं, "कशावरून?" त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी ते वाक्य काढून 'अद्याप पुरावा नाही' असं लिहिलं, आणि पान मंजूर झालं.

सर्टिफिकेटांचं विचारलं होतंस ना? आत्ता पैसे घालू नकोस. सीआयएसएसपीला पाच वर्षांचा अनुभव लागतो, ती तुझ्या वयाची परीक्षाच नाही. ओएससीपी चांगली आहे, जवळजवळ चोवीस तास बसून यंत्रं फोडायची आणि पुढच्या चोवीस तासांत अहवाल लिहायचा, पण ती नोकरीला लागल्यावर, स्वतःच्या किंवा कंपनीच्या पैशाने. एनपीटीईएलचे कोर्स फुकट आहेत, तिथून सुरू कर.

या रविवारी एवढंच कर. दादाचा जुना लॅपटॉप माळ्यावरून काढ, त्यावर लिनक्स टाक, वायरशार्क टाक. फक्त एक वेबसाइट उघड आणि त्या काही सेकंदांत जी पाकिटं आली-गेली ती एकेक करून बघ. डीएनएस कुठे विचारलं गेलं, टीसीपीचं ते तीन पायऱ्यांचं बोलणं कुठे झालं, कुलूप कुठे लागलं. जे कळलं नाही त्याची यादी कर, कळलं त्याची नको. सोमवारी माझी दुपारची शिफ्ट आहे, सकाळी दहापर्यंत ती यादी मला पाठव. मग आपण दोघी मिळून एम.टेक.चं ठरवू.